ज्वारीतला खडा

१२ एप्रिल

सिद्धेश्वरी मॅडमनी ही वही दिली. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. डाव्या पानावर आकडे लिवायचे. तारीख, वेळ, पाणी किती गरम, खडा किती ग्रॅम. उजव्या पानावर त्या दिवशी काय घडलं ते. नियम दोनच. खोडायचं न्हाय आन् पान फाडायचं न्हाय. मॅडम म्हणाल्या, जगात कुटंबी कुणी खडा वाढवत असंल तर त्यो असंच लिवतो.

काय घडलं ते म्हंजी किती, ते इचारायचं राहिलं. मी सगळंच लिवते.

मी भिमा. वय सोळा. गाव उजनीच्या पाण्याकाठी, बाप मासे धरतो. हितं जुळे सोलापुरात महिपती काका एका अपार्टमेंटला वॉचमन हायत. जिन्याखालच्या खोलीत काका, मुक्ता मावशी आन् मी. मावशी कडक भाकरी करून देते. मंगळवेढ्यासनं तिच्या भावाची ज्वारी येते, ती भायेर जिन्याखाली पत्र्याच्या कोठीत. वरच्या आठी फ्लॅटला भाकरीचे डबे पोचवायचं काम माझं. मी बेल वाजवते, डबा दाराशी ठेवते आन् जिन्याच्या वळणावर जाऊन थांबते. दार उघडलं, डबा आत गेला, की खाली. बोलायला लागत न्हाय. फ्लॅट चारमधल्यांनी दोन वर्षांत माझं तोंड बघितलेलं न्हाय. त्यांना वाटत असंल डबा आपला आपण येतो.

मॅडम फ्लॅट सहामधल्या. कॉलेजात रसायन शिकवतात. परवा पाणी आलं हुतं (आमच्याकडं पाचव्या दिवशी येतं), मी बॅरलात तुरटी फिरवत हुते. तुकडा फुटला, आतनं काचंवाणी निघाला. उन्हात धरून बघत बसले तर मागं मॅडम.

"काय दिसतंय?"

"पलीकडलं," मी म्हणले. दुसरं काय सुचलं न्हाय.

मॅडम हसल्या न्हाईत. म्हणाल्या, तुरटीचा एकच एक खडा काचेसारखा वाढवायची पोरापोरींची स्पर्धा असते, पार जगभराची. दहा जूनपर्यंत फोटो, वजन आन् वही पाठवायची. मी मान हलवली. कुणी काय म्हणलं की मी मान हलवते, त्यानं लवकर सुटका हुते. ह्या वेळी झाली न्हाय.

१४ एप्रिल

अर्धा किलो तुरटी. गरम पाण्यात घालत ऱ्हायचं, विरघळायची बंद झाली की थांबायचं. मावशीच्या जुन्या लुगड्यातनं गाळायचं. परातीत ठेवायचं आन् हात लावायचा न्हाय.

हात न लावणं मला जमतं. सकाळी तळाला बारकं बारकं बी पडलेलं. त्यातलं एक तूरडाळीएवढं, सगळ्या बाजूंनी सरळ. त्याला तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) बांधलं. बापाच्या जाळ्यातलं तंगूस घरची आठवण म्हणून पिशवीत आणलं हुतं, ते कामाला आलं. बरणीत पाणी, वर पेन्सिल आडवी, पेन्सिलीला तंगूस, तंगसाला खडा.

मावशी म्हणाली, लोकं पोरीला सोनं घेऊन ठेवत्यात, आमची तुरटी वाढवती.

१८ एप्रिल

सकाळी सात. खडा हाय.
दुपारी दोन. खडा न्हाय. तंगूस हाय.

मावशीनं घेतला का बघितलं, उंदीर बघितला. मग मॅडमनी सांगिटलं. भायेर त्रेचाळीस डिग्री हुतं. पाणी तापलं की तुरटी परत पाण्यात जाते. रात्री वाढायचं, दिवसा विरघळायचं, असं चाललं तर खडा कवाच मोठा हुणार न्हाय. दिवसरात एकसारखं गार पायजे. मॅडमच्या फ्रिजचं दार तर दर घटकेला उघडतं.

मी खोलीत सगळीकडं मॅडमचं थर्मामीटर घेऊन हिंडले. माठाजवळ, खाटेखाली, देवाच्या फोटोमागं. सगळीकडं चाळिशीच्या आसपास. देव बी घामाघूम.

१९ एप्रिल

भाकरीसाठी ज्वारी काढताना हात कोपरापतोर आत गेला. आत गार. भायेर पत्रा पोळतोय आन् आत ज्वारी गार. मावशी आंबे त्यातच घालते, अंडीबी. थर्मामीटर खुपसलं. सकाळी एकतीस. दुपारी दोनला एकतीस. रात्री एकतीस.

दुसरं बी बांधलं. बरणी गळ्यापतोर ज्वारीत पुरली, तोंडाला फडकं. मॅडमला बोलवायला वर गेले, बेल वाजवली आन् सवयीनं वळणावर जाऊन थांबले. मॅडम दारात, डबा न्हाय, कुणी न्हाय. मग माझं मलाच कळलं की आता पुढं व्हायला पायजे.

"हे कुणी सुचवलं तुला?"

मी ज्वारीकडं बोट केलं.

२१ एप्रिल

रविवार. वजन एक ग्रॅम. दर रविवारी खडा काढायचा, पुसायचा, मॅडमच्या बारक्या काट्यावर ठेवायचा, फोटो काढायचा, नवं पाणी करून गार करून घालायचं.

मॅडमच्या सासूबाई नीलम्मा अज्जी जिना उतरून बघायला आल्या. त्यांना मराठी येतं पर बोलतात कानडी, आन् मला कानडी समजतं पर बोलत न्हाय. त्यामुळं आमचं चांगलं जमतं. डोळ्यात मोतीबिंदू हाय. बरणी डोळ्याला लावून बघितली आन् म्हणाल्या, पाणीच हाय की ह्यात.

२८ एप्रिल

चार ग्रॅम. आता त्याला पैलू दिसतात. आठ. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवल्यासारखे. मी कुणाला सांगिटलं न्हाय त्याला असं व्हय म्हणून. त्यो आपला आपण तसा हुतो. चीनमधला तुरटीचा खडाबी असाच आठ पैलूंचा असतो म्हणं.

मग मॅडमनी संघाचं सांगिटलं. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्यांचा जगाचा एक संघ हाय. मोठ्या युद्धानंतर, एकमेकांशी लढलेल्या देशातली माणसं परत एका टेबलाशी बसली आन् संघ केला. ह्यात माणूस मेंबर हुत न्हाय, देश हुतो. भारत हाय. देशांच्या श्रेण्या असतात, वरच्या श्रेणीला वर्गणी जास्त आन् मतं जास्त. पर सगळ्यात खालच्या श्रेणीलाबी एक मत हाय. शून्य मत कुणालाच न्हाय. एकानं मोजलेलं दुसऱ्याला वाचता यावं म्हणून लिवायची एकच रीत ठरवली. ज्यांच्याकडं यंत्र न्हाय त्यांच्याकडं यंत्र घेऊन जातात, शिकवतात. एकट्यादुकट्याचं काम न्हवं ते.

मला आश्चर्य वाटलं. आमच्या सोसायटीत पार्किंगवरनं भांडलेले अजून एका टेबलाशी बसले न्हाईत.

३ मे

घोटाळा. मावशी कोठीच्या खालच्या खिडकीतनं ज्वारी काढते. दिवसाला आठ-नऊ किलो. ज्वारी खालनं निघते तशी वरनं खचते, आन् बरणी तिच्यासंगं. आज बघितलं तर बरणी कोठीत बसकण मारलेल्या म्हशीसारखी वाकडी झालेली. कोठी अर्ध्याच्या खाली आली. दुपारी चौतीस.

ह्या बिल्डिंगीत जितक्या भाकरी खातील तितका माझा खडा उघडा पडणार.

भाकरी कमी खा असं कुणाला तोंडानं सांगणं जमायचं न्हाय. तीन डब्यात चिठ्ठी टाकली. "उन्हाळ्यात तांदूळ हलका." फ्लॅट पाचमधनं आज दोन भाकरी जास्त मागितल्या. चिठ्ठी वाचून त्यांना वाटलं आमची ज्वारी संपत आली.

५ मे

अकरा ग्रॅम. पर आज वेगळंच झालं.

फलकावर नोटीस लागली. हिंदुराव चेअरमन फ्लॅट एकमधी राहतात, आदी सरकारी कचेरीत हुते, आता सोसायटीत हायत. लाल शाईनं लिवलं हुतं: जिन्याखालील सामाईक जागेत बिगर-सभासदाचा माल (पत्र्याची कोठी, नग एक) ठेवण्यात आलेला आहे, तो आठ दिवसांत हलवावा.

मावशी म्हणाली, आंगणात शेडमधी ठेवू, त्यात काय. शेडवर दिवसभर ऊन असतं. तितं ज्वारीच्या लाह्या हुतील. माझा खडा पहिल्या दुपारीच पाणी.

मॅडम चेअरमनशी बोलते म्हणाल्या. मी मान हलवली न्हाय. का कुणास ठाऊक. खोलीत आले आन् आठ चिठ्ठ्या लिवल्या.

६ मे

चिठ्ठी अशी:

"कोठीत एक काम चाललंय. दहा जूनपतोर कोठी हलवू नका. आन् डबा परत देताना आत साखर, केळ, शेंगदाणे काय घालू नका. ज्वारी घाला. ज्वारी खाली गेली की काम बुडतं. तुमची, डबावाली."

रिकामा डबा कुणी परत देत न्हाय, हे मला माहीत हुतं. चिमूटभर साखर तरी घालतातच. मी फकस्त काय घालायचं ते सांगिटलं. मावशीला सांगिटलं न्हाय, तिला साखर आवडते.

७ मे

डबे आले. फ्लॅट दोन, तीन, पाच, सात, आठ: ज्वारी. फ्लॅट चार: गहू, आन् चिठ्ठी, "ज्वारी नाही, गहू चालेल का? आणि तुम्ही कोण?" फ्लॅट सहातनं नीलम्मा अज्जींनी डब्याऐवजी पायलीभर ज्वारी पिशवीतनं दिली, वर एक शेंगाची पोळी. पोळी कोठीत घातली न्हाय.

फ्लॅट एकचा डबा हलका लागला. आत माझीच चिठ्ठी, खाली लाल शाईनं: "सदर काम कोणाचे? संस्था नोंदणीकृत आहे काय? गणसंख्या किती?"

मी ती मॅडमला दाखवली. मॅडम हसत हसत आत गेल्या आन् संघाची घटना, सभेचे नियम, श्रेण्या, मतं, सगळं छापून आणलं. इंग्रजीत, वीस-बावीस पानं. उद्या भाकरीखाली ठेव म्हणाल्या.

९ मे

चेअरमन काल दिवसभर भायेर दिसले न्हाईत. वाचत हुते म्हणं. आज सकाळी आठला कागद काखेत घेऊन खाली आले. मी कोठीमागं. मॅडम आन् मावशी पुढं.

चेअरमननी मॅडमला इचारलं की ह्या संघात फ्लॅट मेंबर, माणूस नाही, असंच की? मॅडम म्हणाल्या, फ्लॅट नाही, देश. तेच ते, म्हणाले चेअरमन, तत्त्व आपलंच आहे. मग खडा बघायचा म्हणाले. मी बरणी काढून दिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.  चेअरमन एवढे गप असलेले कुणी बघितलेले न्हाईत. कोठीमागनं मला जरा आपलेपणा वाटला.

मग घसा साफ केला. "कोठीत सात फ्लॅटचं धान्य पडलेलं आहे. आठव्याचं मी आणलंय." खिशातनं कागदाची पुडी काढली, तीत मूठभर ज्वारी. कोठीत टाकली. "म्हणजे आता माल बिगर-सभासदाचा राहिला नाही. जागा सामाईक, माल सामाईक. नोटीस रद्द." नोटीस स्वतःच काढून तिच्या चार घड्या घालून खिशात ठेवली.

मग यादी केली. कोठी संघ, सभासद आठ, फ्लॅट एक ते आठ.

मावशी म्हणाली, "कोठी माझी, ज्वारी माझ्या भावाची, खडा हिचा. मग आमी दोघी कोण, उंदीर?"

चेअरमन अडकले. खोली म्हंजी फ्लॅट न्हाय, आन् फ्लॅट न्हाय तर मेंबर न्हाय. मॅडमनी पान उलटून दाखवलं, खालच्या श्रेणीला एक मत, शून्य कुणालाच न्हाय. चेअरमननी ते दोनदा वाचलं. मग यादीत नववं लिवलं: "जिन्याखाली. मत एक."

भाकरीची ज्वारी आता मावशी दुसऱ्या पोत्यातनं काढणार.

१९ मे

मधी काय लिवण्यासारखं झालं न्हाय. खडा वाढला, एवढंच. एक्केचाळीस ग्रॅम. लिंबाएवढा.

दुपारी चारला चेअरमन तपासणीला येतात. थर्मामीटर बघतात आन् "ठीक" म्हणतात. आज म्हणाले की अध्यक्ष कोण ते अजून ठरलेलं न्हाय.  दोन मिनिटं थांबून वर गेले.

फ्लॅट चारची बाई आज वळणावर आली. "तूच का डबावाली?" म्हणाली. मी मान हलवली. "मला वाटलं मोठी कुणी असंल," म्हणाली. तिच्या गव्हाचं काय केलं ते तिनं इचारलं न्हाय. त्याची खीर केली.

२६ मे

साठ ग्रॅम. एक पैलू जरा धुरकट हाय, बाकी सात स्वच्छ.

मॅडम म्हणाल्या, गावाकडनं शाळा सोडल्याचा दाखला मागवून घे. आन् आधार, आन् दोन फोटो. खड्याला दाखला कशाला लागतो? पर चेअरमन म्हणाले, आंतरराष्ट्रीय काम आहे, कागद लागतातच. बापाला फोन केला.

दाखल्यावर शाळा का सोडली त्याचा रकाना असतो. माझ्या दाखल्यावर काय लिवतील कुणास ठाऊक. झालं असं, नववीत सरांनी मला उभं केलं आन् नदी का वाकडी वाहते ते इचारलं. मला माहीत हुतं. आमच्या घरामागंच नदी हाय. पर तोंडातनं आलं न्हाय. तास संपेपतोर उभी हुते. उद्या जाऊ म्हणून घरी ऱ्हायले. मग परवा जाऊ. दोन वर्षं झाली, अजून उद्याच हाय.

बरं झालं मॅडम डावंच पान बघतात.

२ जून

अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. मॅडमनी आठी बाजूंनी फोटो काढले. उन्हात धरला तर भिंतीवर रंग पडले. मावशीनं पहिल्यांदा हातात घेतला आन् म्हणाली, हलकं समजत हुते मी ह्याला. महिपती काका म्हणाले, आता रात्री गेटपेक्षा कोठीवर लक्ष ठेवायला पायजे.

४ जून

तापातनं उठलेय, अक्षर वाकडं येईल.

काल दुपारी डबे वाटून आले आन् खाटेवर पडले. अंग तव्यासारखं. मावशी ओल्या फडक्यानं पुसत हुती. नीलम्मा अज्जी उतरून आल्या, माझ्या कपाळाला हात लावला, म्हणाल्या ही दृष्ट हाय. सगळी बिल्डिंग रोज पोरीकडं बघायला लागली, लागणारच की. तुरटी आण म्हणाल्या मावशीला. मावशी म्हणाली, घरात न्हाय, सगळी हिनं पाण्यात घातली. बरं, म्हणाल्या अज्जी, आन् भायेर गेल्या.

परत आल्या, मूठ आवळलेली. "बारव्वा, ये गं, हिकडं तोंड कर."

डोक्यावरनं पायापतोर मूठ फिरवायला लागल्या. एकदा. दोनदा. माझ्या कपाळावर थेंब पडला. गार, एकतीस डिग्रीचा. डोळे उघडले तर मुठीतनं तंगूस लोंबत हुतं. गाठ माझीच.

थांबा म्हणायचं हुतं. एकच शब्द. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. सात फेऱ्या असतात, म्हंजी मला सात वेळा संधी हुती. नदीचं झालं तसंच झालं. सातवी झाली आन् अज्जींनी खडा मावशीच्या शेगडीत टाकला.

मावशी पाठमोरी हुती. तिला वाटलं बाजारातलीच तुरटी.

आदी सूं आवाज आला. मग फसफसला, पांढरा झाला, फुगला, फुगतच गेला, कणसाच्या लाहीसारखा. दृष्ट काढली की तुरटी ज्याची दृष्ट लागली त्याच्या तोंडासारखी हुते म्हणतात. मावशीनं वाकून बघितलं. टक्कल, गाल, खाली दोन्ही बाजूंला वळलेली मिशी.

"अगबया," मावशी म्हणाली, "चेअरमन."

अज्जी म्हणाल्या, साकु, पुरे, आता निवतो ताप. चौकात नेऊन टाक सकाळी.

सकाळी ताप न्हवता. चौकात गेले न्हाय. भाकरीच्या एका डब्यात चेअरमनचं तोंड ठेवलं आन् झाकण लावलं.

५ जून

दुपारी चारची तपासणी. चेअरमन दोन दिवस परगावी हुते, आज आल्या आल्या फडकं उचललं. पाणी, पेन्सिल, बाकी काय न्हाय.

असा माणूस मी पहिल्यांदा बघितला. जिन्यावर बसले आन् टोपी काढली. मग उठून चौकशी चालू केली. टँकरवाला, मांजर, फ्लॅट पाचमधी आलेले पाहुणे. महिपती काकांचा जबाब लिवून घेतला. नीलम्मा अज्जींना इचारलं की तुम्ही कुणाला कोठीपाशी बघितलं का. अज्जी म्हणाल्या, मला मेलीला काय दिसतंय. त्यांना खरंच ठाऊक न्हाय, बरणीत हाताला लागला त्यो त्यांच्या लेखी नुसता तुरटीचा तुकडा. मॅडम रडायच्या बेतात हुत्या, मावशी शेगडीकडं बघायला लागली आन् मग माझ्याकडं. मी जमिनीकडं.

सांगिटलं तर अज्जींना काय वाटंल. माझा ताप उतरवला म्हणून त्या सगळ्या मजल्यांवर सांगून आल्यात.

संध्याकाळी चेअरमननी संघाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा फलकावर लावला. त्यांना अध्यक्ष कुणी केलंच न्हवतं. पर कुणी तसं म्हणलं न्हाय.

८ जून

दहा तारीख जवळ आली. मॅडम म्हणाल्या, खडा नसला तरी वही पाठवू, सहा आठवड्यांचे आकडे आहेत. सगळी पानं. फोटो काढायला उद्या दे.

सगळी म्हंजी उजवीबी?

उजवीबी.

चार तारखेचं पान फाडायला धरलं हुतं. बोटात धरून बसले. चीनमधली पोरगी तिच्या वहीचं पान फाडंल का? तिच्याकडं अज्जी असंल तर? मग सव्वीस मेचं पानबी फाडायला लागंल, आन् तीन मेचं, आन् मग डावीकडचे आकडेबी जातील, पान एकच असतं दोन्हींचं.

फाडलं न्हाय. उद्या मॅडमच्या दारात वही ठेवीन, वर त्यो डबा ठेवीन. बेल वाजवीन आन् वळणावर थांबीन.

९ जून

सकाळी वही आन् डबा ठेवला. मॅडम दारातच उंबऱ्यावर बसून वाचायला लागल्या. मी वळणावरनं बघत हुते. आदी हसल्या. मग लई हसल्या, पदर तोंडाला लावून. म्हंजी म्हशीपाशी आल्या असतील. मग एका पानावर थांबल्या आन् हसायच्या बंद झाल्या, आन् ते पान उलटायला लई वेळ लावला. कुठलं पान ते कळलं न्हाय. मग एकदम उठल्या, डब्याचं झाकण काढलं आन् आत बघून भिंतीला टेकल्या.

खाली सगळ्यांना बोलवलं. चेअरमननी आपलं तोंड सगळ्या बाजूंनी बघितलं. "नाक माझं नाही," म्हणाले. मिशीबद्दल काय बोलले न्हाईत. आपली दृष्ट लागली म्हणून त्यांना वाईट वाटलं असंल असं मला वाटलं. पर म्हणाले, बघायचो खरं मी रोज, चार वाजता, एवढं देखणं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मग राजीनामा मागं घेतला.

मॅडमनी अज्जींना कानडीत सांगिटलं. मी तोंड फिरवलं. अज्जींनी माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "ताप गेला की न्हाय पोरीचा?" गेला, म्हणाल्या मॅडम. "मग? आन् कोठीत पायली माझी न्हाय?" त्यावर चेअरमनलाबी नियम सापडला न्हाय.

मॅडमनी ते तोंड काट्यावर ठेवलं. राखेसकट सेहेचाळीस ग्रॅम. खड्याच्या वजनात निम्म्याला जरा कमी पाणीच असतं, ते उडून गेलं, म्हणून फुगला. बाकी तुरटी हाय तितं हाय. परत पाण्यात घातली तर विरघळंल, गाळली की तीच तुरटी, आन् बी पडलं की परत तेच आठ पैलू. अज्जी म्हणाल्या, हे पण लिव.

लिवलं.

१० जून

चेअरमनचं तोंड गरम पाण्यात घातलं. मिशी सगळ्यात शेवटी विरघळली.

वहीच्या पानांचे फोटो गेले. खड्याचेबी गेले, दोन जूनचे आठ आन् डब्यातला एक. बक्षीस मिळायचं न्हाय म्हणाल्या मॅडम, पर अशी नोंद त्यांच्याकडं दुसरी नसंल. फॉर्मवर "शाळा किंवा गट" असा रकाना हुता. चेअरमनला तितं सतरा शब्दांचं नाव पायजे हुतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, "जिन्याखालची कोठी." तेच लिवलं. देशाच्या पुढं सभासद असं छापलेलंच हुतं.

त्याच्याखाली आणखी एक फॉर्म निघाला. मॅडमनी काय न बोलता पुढं सरकवला आन् बरणीत बघायला लागल्या. गावासनं आलेला दाखला त्याला टाचलेला. माझे दोन फोटो चिकटवलेले. वर लिवलं हुतं, फॉर्म नंबर सतरा, दहावी, खाजगी विद्यार्थी.

म्हंजी खड्याला दाखला लागत न्हवता.

लई वेळ वाचत बसले. मावशी भाकरी थापायची थांबली. अज्जींनी पेन पुढं धरलं.

मी मॅडमला इचारलं, "तोंडी असतं का?"

"असतं थोडं. वीस मार्कांचं."

म्हंजी लेखी ऐंशीचं. पास व्हायला पस्तीस लागतात. गप बसूनबी पास हुता येतं.

सही केली. जरा वाकडी आली. खोडली न्हाय.